प्रकल्प नोंदी: ‘व्हॉट्स अप?’, काळी चार आणि नागपूरचा उन्हाळा

१२ एप्रिल

ठरलं एकदाचं. या उन्हाळ्यात एकच गाणं करायचं पण शेवटपर्यंत न्यायचं. मागच्या वर्षी उत्साहात पाच गाणी हातात घेतली आणि पाचही हार्ड डिस्कमधे अर्धवट पडलीयेत, फोल्डरची नावं ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल नवीन खरंच’ अशी, आणि उघडून बघितलं तर आत नुसता क्लिक ट्रॅक (लय धरायची टिकटिक).

गाणं: ‘व्हॉट्स अप?’. बँड फोर नॉन ब्लॉन्ड्स, सिंगल १९९३ चं, शब्द आणि चाल दोन्ही लिंडा पेरीचं. आमची टीम: गिटार मी, गाणार भाची (परीक्षा संपवून सुट्टीभर मामाकडे मुक्काम), आणि कहोनवर शेजारचा मित्र. कहोन म्हणजे ती लाकडी पेटी जिच्यावर बसून वाजवतात, आईच्या भाषेत ‘तुझ्या मित्राचं स्टूल’.

हेच का, तर ९३ साली मी सातवीत होतो, केबल नवीन नवीन आली होती, आणि एमटीव्हीवर उंच टोपी नि जटावाली एक बाई गिटार घेऊन जीव तोडून ओरडताना दिसायची. इंग्रजी काही कळत नव्हतं पण ते ‘हे हे’ अख्ख्या वर्गाला पाठ. भाचीला हे गाणं माहीत आहे ते ही-मॅनमुळे, २०१० साली यूट्यूबवर चढवलेला तो कार्टूनचा व्हिडिओ, गुलाबी-जांभळ्या रंगात ही-मॅन नाचतोय आणि हेच गाणं म्हणतोय. तिला वाटायचं मूळ गाणं तेच. मी काही बोललो नाही, फक्त मूळ व्हिडिओ लावून दिला.

आई मधेच येऊन विचारते, “व्हॉट्सॲपचं गाणं आहे का रे?” आम्ही हसलो, पण प्रश्न तसा चुकीचा नाही, ॲपचं नाव त्याच इंग्रजी बोलीवरची कोटी आहे. आणि गंमत म्हणजे गाण्यात हे दोन शब्द एकदाही येत नाहीत. धृपदात येतं ते ‘व्हॉट्स गोइंग ऑन’, आणि त्याच नावाचं मार्विन गेचं गाणं १९७१ पासून जगाच्या तोंडी होतं, गोंधळ नको म्हणून या गाण्याचं नाव असं ठेवलं.

१५ एप्रिल

आज लिंडा पेरीचा वाढदिवस निघाला, १५ एप्रिल १९६५, मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डची. मुद्दाम ठरवलेलं नाही, आजच कॉर्ड्स बसवायला घेतल्या आणि वाचता वाचता दिसलं. गाण्याच्या पहिल्याच ओळीत पंचवीस वर्षं गेल्याचा उल्लेख आहे, म्हणजे ९० च्या आसपास लिहिलं असेल तर हिशोब बरोबर बसतो.

कॉर्ड्स: ए, बी मायनर, डी, परत ए. संपलं. खरंच संपलं, अख्खं गाणं एवढ्यावरच आहे. कडवं तेच, धृपद तेच, मधलं ते हाळी मारल्यासारखं येतं तेही तेच. जवळपास पाच मिनिटं हाच गोल फिरतो. दुसऱ्या फ्रेटवर (दांड्यावरचं दुसरं घर) कॅपो, म्हणजे तारा दाबून पट्टी चढवणारा चिमटा, लावला की जी, ए मायनर, सी, म्हणजे गिटार शिकायला लागल्यावर पहिल्या महिन्यात जे येतं ते. क्लिक ६७ वर ठेवला, म्हणजे मिनिटाला ६७ ठोके.

तासभर वाजवलं आणि कंटाळा आला, खोटं कशाला बोलू. डाव्या हाताला काही कामच नाही. मग प्रश्न असा पडला की मला ऐकताना कंटाळा येत नाही आणि वाजवताना येतो, हे कसं काय.

१९ एप्रिल

भाचीचा पहिला दिवस. मूळ पट्टीत, म्हणजे ए मधे, कडवं मस्त गेलं, ती जवळजवळ बोलतेच तिथे. धृपद आलं आणि आवाज फाटला. म्हटलं ठीक आहे, परत. परत फाटला. चौथ्यांदा म्हणाली, “मामा, मला नाही जमणार, तू दुसरं गाणं घे.”

कॅपो काढून टाकला, जी मधे घेतलं. आता धृपद सहज निघालं पण कडवं इतकं खाली गेलं की शेजारच्या खोलीत कोणीतरी फोनवर बोलतंय असं वाटतंय. आणि दुसरी गोष्ट, धृपद ‘सहज’ निघालं हाच प्रॉब्लेम झाला. त्यात दम लागतच नव्हता. ओरडण्याच्या जागेवर ओरडावंसं न वाटणं, मग राहिलं काय त्यात.

मित्र म्हणाला, “ऑटोट्यून लावून टाक ना बे, काहून इतका विचार करून राहिला.” (ऑटोट्यून म्हणजे बेसूर गळा सुरात आणणारं सॉफ्टवेअर.) त्याला चहा दिला आणि घरी पाठवला.

२० एप्रिल

पट्टीचा प्रश्न आईने सोडवला. ती दर गुरुवारी भजनी मंडळात पेटी वाजवते, चाळीस वर्षं झाली असतील, तिला ए-बी-सी कळत नाही पण माणूस बोलला की ती त्याची पट्टी सांगते. भाचीला समोर बसवलं, म्हणाली वरचा सूर लाव, जेवढा जाईल तेवढा. मग पेटीवर एकेक पट्टी दाबत खाली आली. पांढरी सहा (म्हणजे मूळची) नको म्हणाली, पोरीचा गळा बसेल. पांढरी पाच (माझी कालची) लावून बघितली, तर म्हणे, “ही झोपली की.” मधली काळी चार लावली. “हं. इथे ओढ लागते तिला, पण पोचते.”

काळी चार म्हणजे जी शार्प, म्हणजे कॅपो पहिल्या फ्रेटवर. दोन दिवस मी दोन फ्रेट की शून्य फ्रेट यात अडकलो होतो, मधे एक फ्रेट असतो हे डोक्यातच आलं नाही.

मग आईने दोन वेळा गाणं ऐकलं आणि एक वाक्य टाकलं जे मी इथे लिहून ठेवतोय, “हे तर भजनासारखंच आहे. चाल तीच, वर वर चढवत न्यायची.” मी म्हटलं कॉर्ड बदलत नाहीत त्याचं काय. ती म्हणाली गजराला कुठे बदलतात.

परवाच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक हेच. मी गिटारवाल्याच्या कानाने ऐकत होतो, खाली काय बदलतंय ते शोधत होतो, आणि खाली काही बदलतच नाही. कडवं गळ्याच्या तळाशी आहे, धृपद वर छपराला जाऊन लागतं, आणि त्या दोन्हींच्या खाली तीच चार घरं फिरत राहतात, म्हणून तर वर गेलेलं एवढं वर वाटतं.

२७ एप्रिल

गाणं वाजवायच्या आधी दोन-चार मिनिटं बोलायचंय (गच्चीवर मित्रमंडळींना ऐकवणार आहोत, जूनमधे), म्हणून आज माहिती जमवली. रेकॉर्डिंग काहीच नाही.

बँड सॅन फ्रान्सिस्कोचा. एकत्र रियाज करायचा म्हणून जी संध्याकाळ ठरली होती ती १७ ऑक्टोबर १९८९ ची, सहाची वेळ, आणि पाच वाजून चार मिनिटांनी लोमा प्रिएटाचा भूकंप झाला, ६.९ रिश्टरच्या घरातला, पुलाचा तुकडा पडला, रस्त्याचे मजले खाली आले. आमचा कहोनवाला कूलरमधे पाणी भरायचंय म्हणून रियाज रद्द करतो. (त्याला हे वाचून दाखवलं. म्हणाला, तेव्हा त्यांनी पण रद्दच केला असेल ना. बरोबर आहे.)

अल्बम १९९२ चा, इंटरस्कोप या कंपनीकडून, निर्माता म्हणून नाव डेव्हिड टिकलचं. त्याने या गाण्याचं जे रूप केलं ते पेरीला पटलं नाही. तिला तिचा साधा डेमोच हवा होता. शेवटी बँडने ते आपल्या पद्धतीने परत रेकॉर्ड केलं आणि तेच अल्बमवर गेलं, निर्माती म्हणून पेरीचं नाव मात्र लागलं नाही. हे तिनेच नंतर मुलाखतींमधून सांगितलंय. कान देऊन ऐकलं तर गाण्यात फार काही घातलेलंच नाहीये. ॲकूस्टिक गिटार, बेस, ड्रम, एक इलेक्ट्रिक मधेमधे. कोणाला तरी तिथे आणखी काहीतरी भरावंसं वाटलं असणार, मी समजू शकतो, मलाही पंधरा तारखेपासून तेच वाटतंय.

चार्ट: अमेरिकेत १४ वर अडकलं, ब्रिटनमधे २, आणि जर्मनी, स्वीडन, नेदरलँड्समधे सरळ १. डीजे मिको नावाने त्याचं डान्स व्हर्जन निघालं, तेही पुढच्याच वर्षी ब्रिटनमधे ६ वर गेलं. आणि पेरी ९४ मधे बँड सोडून मोकळी झाली.

४ मे

पहिलं खरं रेकॉर्डिंग. तापमान ४४. माईक लावला, हेडफोन लावले, भाचीने एक घोट पाणी घेतलं, मी रेकॉर्डचं बटण दाबलं आणि कानात फक्त कूलर. वाळ्याच्या ताट्यांचा, पाण्याच्या पंपाचा, पंख्याचा, तीन वेगवेगळे आवाज, तिन्ही वेगळ्या सुरात.

कूलर बंद केला. पाच मिनिटांत खोलीची भट्टी. गिटारच्या तारा उतरायला लागल्या, दर टेकला ट्यूनिंग. कहोनवाल्याचा घाम पेटीवर टपटपतोय, तो आवाज पण येतोय. तीन टेक झाले, भाची लालबुंद, ताईचा फोन आला आणि नेमकी भाचीनेच उचलून सांगितलं की मामाने पंखा बंद केलाय. पुढचं लिहीत नाही.

शेवटी कूलर चालू करून, नुसतं आठवण राहावी म्हणून एक टेक घेतला, भाची पलंगावर मांडी घालून, माईक हातात, मी बाजूला. तो एकदम भारी झाला. साहजिकच.

११ मे

आज मी जरा शहाणपणा केला. तीन कॉर्डचा गोल फोडायचा म्हणून धृपदाच्या आधी एक एफ शार्प मायनर घातला (मूळ पट्टीच्या हिशोबाने सांगतोय), म्हणजे चढण लागल्यासारखी होईल, मग धृपद उघडेल वगैरे. कागदावर छान दिसत होतं. वाजवून दाखवलं.

आई स्वयंपाकघरातून: “मधेच कोण गेलं?”

काढून टाकला. त्या एका कॉर्डने ‘आता बघा हं, काहीतरी येतंय’ अशी दवंडी पिटली जाते. मूळ गाण्यात धृपद दवंडी न पिटता येतं, तीच चार घरं फिरता फिरता आवाज अचानक वर असतो आणि आपण तिथे कसे पोचलो कळत नाही. तीन कॉर्डवर थांबायलाही लिहिणाऱ्याला छाती लागत असेल. मी तर २६ दिवसांत ढेपाळलो.

१८ मे

चार तारखेचा कूलरवाला टेक परत परत ऐकतोय. नंतरचे सगळे टेक सुरात आहेत, वेळेत आहेत, आणि बेचव आहेत. त्या टेकमधे दुसऱ्या धृपदाला भाची श्वास घ्यायला उशीर करते, शब्द अर्धा गिळते आणि मग जो सूर लावते तो परत लागलेला नाही.

यावरून पेरीची दुसरी गोष्ट, बोलण्यात नक्की घ्यायची. बँड सोडल्यावर ९६ मधे तिचा एकटीचा अल्बम आला, फार चालला नाही. मग पिंक नावाच्या गायिकेने कुठूनतरी नंबर मिळवून तिला फोन केला आणि लांबलचक निरोप ठेवला, त्यातून २००१ चं ‘गेट द पार्टी स्टार्टेड’ निघालं. गिटार आणि गळ्यावर वाढलेली बाई, नवीन यंत्रं शिकता शिकता पार्टीचं गाणं करून बसली. त्यानंतर क्रिस्टिना अगिलेराचं ‘ब्यूटिफुल’, २००२. त्यात सुरुवातीला ‘माझ्याकडे बघू नकोस’ अशा अर्थाचं एक वाक्य ऐकू येतं, ते गाण्यातलं नाहीच, गाताना लाज वाटत होती म्हणून अगिलेरा खोलीतल्या मैत्रिणीला म्हणाली, आणि पेरीने ते तसंच ठेवलं. अख्खा आवाजच डेमोचा ठेवला. अगिलेराला नंतर परत गायचं होतं, पेरी हलली नाही. त्या गायकीला ग्रॅमी मिळालं. पुढे ग्वेन स्टेफनीसाठी लिहिलं, २०१५ मधे साँगरायटर्स हॉल ऑफ फेममधे गेली.

हे वाचून अंगात आलं. मीपण कच्चा टेक वापरणार! रात्री एक वाजेपर्यंत नॉइज रिडक्शन लावत बसलो. थोडं लावलं तर कूलर तसाच, जास्त लावलं तर भाची पाण्याखालून गातेय. मधला फ्रेट इथे नाही सापडला. लिंडा पेरीच्या खोलीत कूलर नव्हता, एवढाच फरक, पण तो मोठा निघाला. टेक बाद.

२६ मे

नवतपा (सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू झालाय, आज दुसरा दिवस. दुपारचा विषयच नाही, म्हणून पहाटे पावणेपाचला सगळ्यांना उठवलं. त्या वेळी कूलर बंद करता येतो, रस्ता शांत असतो, दूधवाला सहाला येतो. म्हणजे एक तास. भाचीने चूळ भरली, माझ्याकडे न बघता एक घोट चहा घेतला आणि बसली पलंगावर मांडी घालून, त्या दिवशीसारखीच. मी माईक स्टँडवर लावला नाही, तिच्या हातात दिला. हाताळल्याचा आवाज येईल तर येऊ दे.

झोपेतल्या गळ्याने कडवं इतकं सुंदर आलं की मी एक कॉर्ड चुकलो. (जी च्या जागी सी. तीन कॉर्डच्या गाण्यात.)

दुसऱ्या टेकला धृपद लागलं. आईची ती ‘ओढ’ होती त्यात, शेवटच्या सुराला मान वर गेली तिची, डोळे मिटलेले, आणि सूर थोडा कमी पडून मग पोचला. मी तार सोडली, कोणी हललं नाही, शेवटचा कॉर्ड विरत होता आणि नेमकी तेव्हा बाहेरच्या कडुनिंबावर कोकीळ सुरू झाला. तो पण एकच चाल, दर वेळी जरा वर, अजून वर, अजून वर, आणि मग एकदम गप्प. मित्राने तोंडावर हात दाबून धरला होता. भाची फुटली. हसणं पण रेकॉर्ड झालंय.

तिसरा टेक घेतला, काही खास नाही. सहाला दूधवाल्याची बेल.

१ जून

मिक्सिंग. दुसरा टेकच. कहोन नंतर वेगळा रेकॉर्ड करून खाली घातला, पहिल्या कडव्याला नाही, पहिल्या धृपदापासून. मूळमधे ड्रम नक्की कसा येतो ते वीस वेळा ऐकलं आणि मग ते सोडून दिलं, कहोनला ते वजनच नाही. भाचीचाच दुसरा आवाज धृपदाला हलका जोडला, बस. रिव्हर्ब (आवाजाचा घुमारा) चिमूटभर. इलेक्ट्रिक गिटारचा एक सोलो वाजवून ठेवला होता एप्रिलपासून, माझा जीव होता त्यात, तो म्यूट केलाय. डिलीट नाही केला.

कोकीळ ठेवायचा की काढायचा यावर मतदान झालं. आई आणि भाची ठेवा, मित्र काढा, मी तटस्थ. ठेवला.

८ जून

काल गच्चीवर झालं. पंधरा-सोळा लोक, गादी-सतरंज्या, पन्हं. माझं बोलणं लांबलं, भूकंपापर्यंत लोक ऐकत होते, अमेरिकेत १४ आणि जर्मनीत १ सुरू केल्यावर मोबाईल निघाले. मग प्रत्यक्ष गायलो आणि धृपदाला सगळेच ओरडले, पाठीमागच्या बिल्डिंगमधून पण कोणीतरी ओरडलं. कोणालाही पट्टी मिळाली नाही.

फाइल अपलोड केली. मूळ लेखिका म्हणून लिंडा पेरीचं नाव वर्णनात पहिल्या ओळीत टाकलंय. भाचीने विचारलं, आपण वाजवलं ना, मग गाणं आपलं नाही का? तिला सांगितलं की रेकॉर्डिंग आपलं, गाणं तिचं, या दोन वेगळ्या मालक्या असतात, जगात कुठेही कोणीही हे गायलं, ही-मॅनने गायलं तरी, शब्द-चालीचा हक्क लिहिणारीकडेच राहतो. “म्हणजे ती झोपलीय आणि आपण पहाटे पाचला उठलो, आणि पैसे तिला?” म्हटलं, आपल्या गाण्याला काल रात्रीपासून ४१ व्ह्यूज आहेत, त्यातले नऊ तुझे. तिचं काही फार होणार नाही.

घरच्या ग्रुपवर पण टाकलं. व्हॉट्सॲपवर ‘व्हॉट्स अप?’, आईचा हट्ट. ताईने बदाम पाठवलाय आणि खाली लिहिलंय, पंखा चालू होता ना?

राहिलेलं काम: पहिल्या कडव्याच्या आधी पलंग करकरतो, हेडफोनवर ऐकू येतं. काढून बघायचं. आणि कॅपो मित्राकडे राहिलाय, तो आणायचा.